मराठी वाङ्मयांतील एक उपेक्षिता

आमच्या उमरग्यांत लग्नसराई जवळ आली कीं एक काम आमच्याकडे न चुकतां चालत येतें. ज्यानें उभा जन्म शाळेंत मराठी शिकविण्यांत घालविला त्याला शुद्धलेखनाची चूक दिसल्यावांचून राहत नाहीं, अशी गांवाची समजूत असल्यामुळें आईबाप आपल्या मुलामुलींचीं परिचयपत्रकें छापावयास देण्यापूर्वीं आमच्या डोळ्यांखालून घालतात. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, गण, नाडी, कुलदैवत, मामांचें आडनांव, शिक्षण, पगार आणि शेवटीं ‘अपेक्षा’, असा या वाङ्मयप्रकाराचा ठरीव सांचा आहे. आणि वाङ्मयप्रकार हा शब्द आम्हीं थट्टेनें योजलेला नाहीं. ज्या घरांत वर्षाकाठीं एखादी कादंबरी येते त्या घरांत लग्नाची मुलगी असेल तर हीं पत्रकें पन्नास येतात, आणि कादंबरीपेक्षां तीं अधिक लक्षपूर्वक वाचलीं जातात.

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर आडत बाजारांतील आमचे एक स्नेही असेंच एक पत्रक घेऊन आले. या खेपेस तें त्यांच्या मुलीचें नव्हतें, मुलीसाठीं सांगून आलेल्या स्थळाचें होतें. मुलगा संगणक अभियंता, मुक्काम टेक्सास. पगाराच्या खालीं आणि कुलदैवताच्या वर एक ओळ होती: ‘एच-१बी, आय-१४० मंजूर.’

“गुरुजी, गण जुळालं, नाडी जुळाली. पन ह्ये आय-एकशेचाळीस म्हंजी काय वो? कुळाचं काही हाय का?”

आम्हांस हंसूं आलें, परंतु उत्तर आलें नाहीं. पुढें आठवडाभर जुन्या विद्यार्थ्यांस विचारून व मिळतील तीं कलमें वाचून जें कळलें त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, त्या सबंध पत्रकांत स्नेह्यांच्या मुलीच्या पुढील आयुष्याविषयीं खरोखर कांहीं सांगणारी ओळ ती एकच होती. बाकीच्या ओळी मुलासंबंधीं होत्या. आणि मग दुसरा एक विचार मनांत आला, तोच या लेखाचा विषय आहे. आम्ही गेलीं पन्नास वर्षें मराठी कथा, कादंबऱ्या, नाटकें वाचीत आलों आहों. परदेशस्थ मुलगा, परदेशस्थ जांवई, विमानतळावरील निरोप हें सर्व आमच्या परिचयाचें आहे. असें असतां ही एक ओळ आम्हांस परकी कां वाटावी?

मराठी कादंबरीची जुनी रीत अशी नव्हती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’तून येऊं लागली तेव्हां तिच्या वाचकांस केशवपन ही चाल ठाऊक नव्हती असें नाहीं, ती त्यांच्या घरांतच होती. परंतु ती यमूच्या अंगावरून जातांना कशी दिसते हें त्यांस ठाऊक नव्हतें. रूढि, शास्त्र आणि सरकारी कायदा यांचें वजन एका विवाहित मुलीच्या अंगावर नेमकें कोठें पडतें हें मोजून दाखविणें, हें मराठी कादंबरीनें आपलें काम मानलें होतें. तें काम आजच्या एका मोठ्या वर्गापुरतें तिनें सोडून दिलें आहे, अशी आमची तक्रार आहे. तो वर्ग म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर परदेशांत जाणाऱ्या मुलींचा.

तक्रार समजण्यासाठीं कायदा थोडा समजून घेतला पाहिजे; वाचकांनीं कंटाळूं नये. अमेरिकेंत तज्ज्ञाच्या कामासाठीं गेलेल्या परदेशी माणसास जो तात्पुरता परवाना मिळतो तो एच-१बी. आजच्या रूपांत तो १९९० च्या कायद्यानें आला. तो माणसाला मिळत नाहीं, मालकाच्या अर्जावर मालकाच्या कामापुरता मिळतो. या मालकास तेथें ‘स्पॉन्सर’ म्हणतात आणि आमच्याकडील जामीनदाराशीं त्याचें नातें जवळचें आहे. अशा माणसाची बायको एच-४ या परवान्यावर जाते. कायद्याच्या भाषेंत नवरा हा ‘प्रिन्सिपल’ आणि बायको ‘डिपेन्डन्ट’, म्हणजे अवलंबिता. (उमरग्यांत प्रिन्सिपल म्हणजे महाविद्यालयाचे प्राचार्य. मुलगा अभियंता असून प्राचार्य कसा, असें आमच्या स्नेह्यांनीं मध्येंच विचारून घेतलें.) अवलंबितेनें तेथें राहावें, शिकावें, मोटार चालवावी, मुलेंबाळें वाढवावीं, कायद्याची हरकत नाहीं. तिनें मोबदला घेऊन काम मात्र करतां कामा नये. २६ मे २०१५ पर्यंत हा नियम सरसकट होता. त्या दिवसापासून एवढी सवलत झाली कीं, ज्या नवऱ्यासाठीं मालकानें कायम वास्तव्याचा अर्ज करून तो मंजूर करून घेतला आहे, किंवा ज्याचा परवाना सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे वाढला आहे, त्याच्या बायकोनें काम करण्याची परवानगी मागावी. मालकाच्या त्या अर्जाचें नांव आय-१४०. पत्रकांतील ती ओळ कुळाची नव्हती, ती या परवानगीची होती. वराकडील मंडळींनीं ती मुलाचें तेथें बस्तान बसलें आहे हें दाखविण्यासाठीं लिहिली; वधूकडील मंडळींनीं ती कुलदैवताच्या शेजारची म्हणून वाचली; आणि जिच्यासाठीं तिचा अर्थ सर्वांत मोठा, तिला ती कोणी दाखविलीच नव्हती.

ही सवलतही निर्वेध नाहीं. तिच्याविरुद्ध २०१५ सालींच दावा लागला, तो दहा वर्षें चालला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो ऐकण्याचें नाकारलें तेव्हां ती टिकली. परवानगी मुदतीची असते, पुनःपुन्हां मागावी लागते. नवऱ्याची नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधण्यास किंवा देश सोडण्यास फार तर साठ दिवस, आणि ते साठ दिवस बायकोचेही. घटस्फोट झाला तर तिचा परवाना संपतो, मग दोष कोणाचाही असो.

या कायद्यानें आमच्या लग्नांत आणखी एक अधिकारी आणून बसविला आहे, तो म्हणजे मुहूर्त काढणारा वकील. नवऱ्यास कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला सर्वत्र ग्रीन कार्ड म्हणतात तो, मिळण्यापूर्वीं लग्न झालेलें असेल तर त्याच्या अर्जाच्याच आधारें बायकोसही तो मिळूं शकतो. परवाना हातीं पडल्यावर एक दिवसानें लग्न झालें तर तिच्यासाठीं नवऱ्यानें स्वतंत्र अर्ज करावयाचा, आणि तिनें निराळ्या रांगेंत थांबावयाचें. नवऱ्याचा एच-१बी संपलेला असल्यामुळें एच-४ वर जाण्याची वाटही तोपर्यंत बंद झालेली असते. जोशीबुवांनीं काढलेला मुहूर्त चुकला तर आमचे लोक दुसरा काढतात. हा चुकला तर दुरुस्ती नाहीं. म्हणून कित्येक घरीं आतां आधीं नोंदणी आणि मग लग्न अशी उलटी रीत पडत चालली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं तीस दिवसांची नोटीस देऊन दोघांनीं सह्या करावयाच्या, त्या दाखल्यावर मुलीचे कागद पुढें पाठवावयाचे, आणि मांडव सवडीनें सहा महिन्यांनीं घालावयाचा. मधल्या सहा महिन्यांत ती मुलगी कायद्यानें सौभाग्यवती आणि घरीं कुमारिका असते. शेजारणी तिला अजून स्थळें सुचवितात. या काळांत कोठें बिनसलें तर ज्याला पूर्वीं ‘सोयरीक मोडली’ म्हणत, त्यासाठीं न्यायालयांत जाऊन घटस्फोट मागावा लागतो. कथालेखकास याहून अधिक काय हवें असतें, हें आम्हांस कळत नाहीं.

जन्मस्थळाची गोष्ट याहून गमतीची आहे. नोकरीच्या मार्गानें कायम वास्तव्याचे परवाने तेथें वर्षास सुमारें एक लाख चाळीस हजार निघतात, बायकामुलें त्यांतच धरून. आणि कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांना शेंकडा सातांहून अधिक द्यावयाचे नाहींत असा दंडक आहे. आमच्या देशांतून जाणारे फार, त्यामुळें आमची रांग दहा वर्षांहूनही मागें रेंगाळत असते. परंतु हिशेब नागरिकत्वाचा नसून जन्माचा आहे, आणि पतिपत्नींपैकीं एकाचा जन्म दुसऱ्या देशांत झालेला असेल तर दोघेंही त्या देशाच्या रांगेंत उभीं राहूं शकतात. म्हणजे बाप मस्कतला नोकरीस असतां जी मुलगी तेथें जन्मली, ती नवऱ्याला एका उडीसरशीं कित्येक वर्षें पुढें नेऊं शकते. जन्मस्थळ विचारण्याची आमची चाल जुनी आहे. तें पत्रिका मांडण्यासाठीं विचारीत. आतां तोच रकाना दुसराही एक ज्योतिषी वाचतो. या एका ठिकाणीं मात्र बायको ‘प्रिन्सिपल’सारखी वागते, आणि आधार तिच्याकडून नवऱ्यास मिळतो.

हें सारें आम्हांस आज कळलें. कळावयास हवें होतें तेव्हां कळलें नव्हतें, आणि त्याची खंत येथें लिहिणें भाग आहे. २००८ सालीं आमची एक विद्यार्थिनी लग्न होऊन न्यू जर्सीस गेली. शाळेंत हुशार, पुढें सोलापुरास दोन वर्षें शिक्षिका. वर्गांत शिरली कीं मुलें गप्प होत, असें तिच्या मुख्याध्यापकांनीं आम्हांस सांगितलेलें. पहिल्या वर्षाच्या पत्रांत बर्फ, दुकानें, रस्ते. दुसऱ्या वर्षाच्या पत्रांत ती लिहिते कीं, गांवच्या ग्रंथालयांत विनावेतन पुस्तकें लावते, कारण वेतन घेण्यास मनाई आहे; तेथें प्रत्येक कामकरी माणसास जो नऊ आंकड्यांचा सामाजिक सुरक्षा क्रमांक असतो तो तिला मिळत नाहीं, आणि तो नाहीं म्हणून जेथें तेथें नवऱ्याचा क्रमांक लिहावा लागतो. पुढें पत्रें आंखूड झालीं. एकांत तर चारच ओळी होत्या. आम्हीं तिला काय लिहिलें? मन रमव, एखादा छंद जोपास, नव्या देशांत रुळावयास वेळ लागतो. आम्हीं तिच्या स्वभावास औषध सांगत होतों, आणि तिचें दुखणें एका कलमांत होतें. २०१५ च्या पावसाळ्यांत तिचें पत्र आलें कीं, परवानगीचा अर्ज केला आहे. पुढच्या वर्षीं ती एका बालकमंदिरांत कामास लागली, आणि पत्रें पुन्हां लांब झालीं. तिचा स्वभाव मध्यंतरीं बदललेला नव्हता.

आमच्या त्या उत्तराचा दोष आमचाच. परंतु तें उत्तर आम्ही कोठून शिकलों याचा विचार केला म्हणजे पुस्तकांच्या कपाटाकडे दृष्टि जाते. परदेशगमनावरील आमचें पुष्कळसें ललित लेखन हें मागें राहिलेल्यांच्या ओसरीवरून लिहिलेलें आहे. जयवंत दळवी यांचें ‘संध्याछाया’ हें १९७३ चें नाटक याचा उत्तम नमुना होय. थोरला मुलगा अमेरिकेंत, आणि रंगभूमीवर वृद्ध आईबापांचें एकाकीपण; त्या एकाकीपणास नाटकानें असा आवाज दिला कीं आजही मुलें परदेशीं असलेल्या घरांत त्याची आठवण निघते. नाटकाच्या गुणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्याच्या यशामुळें ओसरीवरची ती बैठक मराठी लेखकांस फारच सोयीची झाली. तेथून समुद्रापलीकडची सून दिसते ती फोनवरच्या आवाजाएवढी. ती कधीं आढ्यतेखोर असते, कधीं बिचारी असते, आणि दोन्ही वेळां ती कोणत्या कागदावर तेथें उभी आहे याची विचारपूस होत नाहीं.

अपर्णा वेलणकर यांनीं २००७ सालीं ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ या पुस्तकांत ती ओसरी सोडली, हें त्यांचें श्रेय मोठें आहे. उत्तर अमेरिकेंत जाऊन स्थिरावलेल्या मराठी माणसांच्या कहाण्या त्यांनीं तेथें जाऊन, त्यांच्याच तोंडून ऐकून सांगितल्या. हें पुस्तक आमच्या घरीं दोनदां वाचलें गेलें. तथापि तें वाचून आमच्यासारख्यांचा जो एक ग्रह होतो तो येथें तपासला पाहिजे. त्या पहिल्या पिढीच्या बायका धडाडीच्या, पडेल तें काम करून संसार उभा करणाऱ्या. आणि आजच्या मुली तेथें जाऊन घरीं बसतात, कंटाळतात, माहेरीं तासन्‌तास बोलतात. असा तुलनेचा सूर आम्हीं लग्नाच्या पंगतींत ऐकला आहे व, खरें सांगावयाचें तर, लावलाही आहे. परंतु १९६५ च्या कायद्यानें त्या देशाचें दार उघडल्यावर जे डॉक्टर व अभियंते गेले, त्यांतील पुष्कळांस कायम वास्तव्याचाच परवाना मिळाला होता, आणि नवऱ्यास जो परवाना तोच बायकोस मिळे. विमानांतून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीं तिला दुकानांत उभें राहून पगार घेतां येई. १९९० नंतरच्या मुलीस तें करणें हा कायदेभंग होता. धडाडी आणि आळस असा भेद आम्हीं पिढ्यांच्या स्वभावांत कल्पिला. तो स्वभावाचा नसून कायद्याचा होता. पात्राच्या वर्तनाचें मूळ परिस्थितींत शोधावें हें टीकाकार शंभर वर्षें सांगत आले आहेत. येथें परिस्थिति छापील फॉर्मवर आहे, तरीही ती शोधली गेली नाहीं.

या संदर्भांत आनंदीबाई जोशी यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ ची. शिवाय तीवर नाटक झालें, २०१९ सालीं चित्रपटही निघाला. या एका जोडप्याकडे मराठी लेखणीनें वारंवार पाहिलें आहे. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या. गोपाळराव मागाहून गेले. आजच्या कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर आनंदीबाई ‘प्रिन्सिपल’, विद्यार्थिनीच्या परवान्यावर. आणि गोपाळराव अवलंबित, ज्यांस तेथें पैशासाठीं बोटही हलवितां आलें नसतें. गोपाळरावांसारख्या हेकट गृहस्थास या रकान्यांत बसवून पाहण्याची कल्पना कोणा विनोदी लेखकास सुचावी अशी आहे. पण १८८३ सालीं हा कायदाच नव्हता. त्या जोडप्याच्या कथेंत जुलूम असेल तर तो नवऱ्याचा, समाजाचा, हवेचा आणि क्षयाचा. म्हणूनच कीं काय, परदेशांतील मराठी स्त्रीची गोष्ट लिहावयास बसलेला लेखक आजही नवरा, समाज आणि हवा एवढ्यांतच तिचें दुःख शोधतो.

परदेशाच्या सरकारनें आमच्या लग्नांत तोंड घालण्याचा प्रकार मात्र नवा नाहीं. १९१३ च्या मार्चमध्यें दक्षिण आफ्रिकेंतील केपच्या न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं निर्णय दिला त्याचा परिणाम असा कीं, ज्या धर्मांत एकाहून अधिक बायका करण्याची मोकळीक आहे त्या धर्माप्रमाणें लागलेलीं लग्नें तेथें लग्नें ठरेनात. नामदार गोखले तेथील हिंदी लोकांची स्थिति पाहून परत येऊन तेव्हां चार महिनेही झाले नव्हते. त्या निर्णयानें कस्तुरबा कायद्याच्या दृष्टीनें गांधींच्या पत्नी उरल्या नाहींत. त्या सत्याग्रहांत उतरून तुरुंगांत गेल्या. १९१४ च्या कायद्यानें हें शल्य निघालें. अमेरिकेंत याच्या उलट प्रकार झाला. सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेहून गेलेले वकील १९१४ सालीं तेथील नागरिक झाले व पुढें त्यांनीं एका अमेरिकन बाईशीं लग्न केलें. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे असें ठरविल्यावर सरकार पंडितांचें नागरिकत्व काढून घेण्यास निघालें. आणि नवरा नागरिकत्वास अपात्र म्हणजे बायकोचेंही नागरिकत्व जाणार, असा त्या वेळचा कायदा होता. ज्या देशांत ती जन्मली तेथेंच ती परकी ठरली असती. पंडित १९२६ सालीं वरच्या न्यायालयांत जिंकले. थिंड यांचे वकीलही पंडितच होते, हें सांगितलें म्हणजे या खटल्यावर कादंबरी कां उभी राहावी हें निराळें सांगावयास नको.

इंग्लंडचा प्रकार वाङ्मयाच्या दृष्टीनें अधिक विचार करण्याजोगा आहे. नियोजित वराकडे येऊन तीन महिन्यांत लग्न करणाऱ्या मुलीस तेथें पूर्वीं व्हिसा लागत नसे. १९७९ च्या जानेवारींत हीथ्रो विमानतळावर अशीच आलेली एक हिंदी शिक्षिका खरोखर कुमारिका आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिची वैद्यकीय तपासणी करण्यांत आली. वर्तमानपत्रांतून गवगवा होऊन तो प्रकार बंद झाला. पुढें १९८० ते १९९७ पर्यंत असा नियम होता कीं, या लग्नाचा मुख्य हेतु इंग्लंडांत शिरणें हा नाहीं, हें अर्जदारानें सिद्ध करावें. आतां हेतु कसा सिद्ध करावा? अधिकारी प्रेमपत्रें मागणार, पहिली भेट कशी झाली तें विचारणार. आमच्याकडे पहिली भेट कांदेपोह्यांच्या बशीवर, चार वडीलधाऱ्यांच्या देखत, वीस मिनिटें; त्यानंतर पत्रें नाहींत, कारण पंधरा दिवसांत लग्न. म्हणजे जें लग्न आमच्या दृष्टीनें सर्वांत निर्दोष, तेंच त्या वाचकास सर्वांत संशयास्पद. आजही निरनिराळ्या देशांच्या कचेऱ्यांत लग्नाचे फोटो चाळणारा अधिकारी हा एक प्रकारचा टीकाकारच असतो. त्याच्या डोक्यांत प्रेमकथेचा एक सांचा पक्का असतो, आणि त्यांत न बसणारी गोष्ट तो खोटी समजतो. वाईट टीकाकारही हेंच करतो, पण त्याच्या शेऱ्यानें कोणाची ताटातूट होत नाहीं.

आमचा हा तालुका सरहद्दीवरचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथें निजामाचा अंमल. सोलापुराकडे निघालें कीं वाटेंत इंग्रजी हद्द लागे आणि करोडगिरीच्या नाक्यावर मालाची झडती होई. सुना मात्र दोहों बाजूंनीं येत व जात. पुढें १९५६ सालीं बसवकल्याण, आळंद हे भाग म्हैसूर राज्यांत गेले, आणि उमरग्यांतील पुष्कळ घरांतील बायकांचें माहेर एका रात्रींत परप्रांत झालें. पण त्यासाठीं कोणास कागद करावा लागला नाहीं. निजामी राजवटीचे आम्ही चाहते नव्हतों हें सांगावयास नको. आमच्या वडिलांच्या पिढीनें ती अंगावर सोसली. परंतु त्या राजवटीच्या सरकारी नोकऱ्या ज्या मुल्की लोकांसाठीं राखून ठेवलेल्या असत, त्यांच्या व्याख्येंत १९१९ च्या फर्मानानें एक कलम होतें: मुल्की पुरुषाची पत्नी ती मुल्कीच. सोलापुराकडची मुलगी उमरग्यांत सून म्हणून आली कीं नोकरी मागण्याचा तिचा हक्क नवऱ्याच्या बरोबरीचा. त्या काळीं किती सुनांनीं तो बजावला असेल हा प्रश्न वेगळा. नियमानें तिला अवलंबिता म्हटलें नव्हतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस, जगांतील सर्वांत पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशाच्या कायद्यानें तेवढें तिला दिलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, कथाकादंबरी म्हणजे कायद्याची मार्गदर्शिका नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. कलमांचें भाषांतर करून कोणी कादंबरी लिहिली तर ती आम्ही वाचणार नाहीं. परंतु नवऱ्याचा क्रमांक आपल्या रकान्यांत लिहिणारा हात, सहा महिने कुमारिका म्हणून वावरणारी विवाहिता, साठ दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर करीत बसलेलें जोडपें, मारहाण सोसूनही परवाना जाईल म्हणून गप्प राहणारी बायको, या कांहीं कलमांच्या गोष्टी नव्हेत. आणि हा विषय केवळ बायकांचा आहे असेंही नाहीं. आतां मुली प्रथम जातात आणि नवरे मागाहून एच-४ वर जाऊन स्वयंपाक करतात, अशीं घरें आमच्याही माहितींत दोन आहेत. त्यांतील एका जांवयाला सासुरवाडीस आल्यावर ‘तुम्ही काय करतां?’ हा प्रश्न कोणी विचारूं नये म्हणून सासूबाई किती धडपडतात, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. त्या सासूबाईंवर एक चांगली विनोदी कथा होईल. ती करुणही होईल.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं त्या ओळीचा अर्थ सांगितला. त्यांनीं तो मुलीस सांगितला. मुलगी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर, हैदराबादेस एका कारखान्यांत नोकरीस. रविवारीं घरीं आली ती संध्याकाळीं आमच्याकडे आली. हातांत तिचें स्वतःचें परिचयपत्रक होतें. ‘अपेक्षा’ या मथळ्याखालीं वडिलांनीं लिहविलें होतें, ‘परदेशस्थ चालेल.’ तिनें त्याखालीं पेनानें भर घातली होती, ‘नोकरी चालूं ठेवतां यावी.’ ‘चालूं’वरचा अनुस्वार हल्लीं देत नाहींत, तो आमच्या शिकवणीचा, आम्हीं तसाच राहूं दिला. मग तिनें विचारलें, “गुरुजी, मंजुरीचा कागद दाखवा म्हटलं तर त्यांना राग येईल का?” आम्हीं म्हटलें, विचारून पाहा. उत्तर पौषांत आलें. मुलानें कागदाचें छायाचित्र पाठविलें होतें आणि खालीं लिहिलें होतें कीं, आतांपर्यंत चार ठिकाणीं पत्रक गेलें, पण त्या ओळीविषयीं विचारणारी ही पहिलीच.